मोन्ते कासिनोचा मठ नकली कसा?

रोमहून नेपल्सला जाताना वाटेत मोन्ते कासिनोच्या डोंगरावर एक जुना ख्रिस्ती मठ लागतो. तिकडे जाणाऱ्यांना एक मेसेज हमखास येतो: ‘मोन्ते कासिनोचा डोंगर चढू नका. मठात जर्मन लपले होते म्हणून तो बॉम्बने उडवला. आताचा संगमरवरी थाट नकली. आणि आपला त्याच्याशी काय संबंध?’ हे वाचून दरवेळी जीव तुटतो.

जर्मनांचं आधी. दुसऱ्या महायुद्धात, १५ फेब्रुवारी १९४४ ला मित्रराष्ट्रांनी मठ जमीनदोस्त केला, तेव्हा जर्मन सैनिक बाहेरच्या उतारांवर होते. आत होते साधू आणि आसऱ्याला आलेले गावकरी. मेले ते गावकरी. जर्मन आत शिरले ते नंतर, ढिगाऱ्यांच्या आडोशाला. मग मठ मित्रराष्ट्रांच्या हाती यायला १८ मे उजाडला.

‘नकली’? भिंती नव्या आहेत, हे खरंच. चित्रकार लुका जोर्दानोची भित्तिचित्रं तर कायमची गेली. पण लोंबार्ड टोळ्यांचा हल्ला, ८८३ मध्ये सॅरासेन म्हणजे अरब हल्लेखोर, १३४९ चा भूकंप, एवढ्या वेळा हा मठ पडला आणि दरवेळी पुन्हा उभा राहिला. मग यातला ‘असली’ कोणता धरायचा? यावेळी ‘होता तिथे, होता तसा’ हेच ब्रीद ठेवून तो बांधला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी चर्चचं पुन्हा समर्पण केलं. चर्चच्या मधल्या दारापाशी थोडं थांबा. १०६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून घडवून आणलेलं हे कांस्याचं दार. त्याच्या पत्र्यांवर मठाच्या मालकीच्या जागांची नावं चांदीच्या अक्षरांत जडवलीत, म्हणजे जणू मठाचा सातबाराच. ग्रंथ आणि कागदपत्रं १९४३ मध्येच रोमला हलवली होती म्हणून वाचली. त्यात ९६० सालचा, बोलीभाषेतली साक्ष जशीच्या तशी नोंदवणारा न्यायनिवाडा आहे. इटालियन भाषेचा तो सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक.

राहिला आपला संबंध. मठावर बॉम्ब टाकायची मागणी केली ती चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या ब्रिटिश सेनापतीने, फ्रान्सिस टकर यांनी. हे टोचतं, पण टाळता येत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्याच वर्षी इटलीत लढत होत्या. त्यातले माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे (सैन्यातला हुद्दा नाईक) १० जुलै १९४४ ला उत्तरेकडे टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. साथीदार कोसळल्यावर ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांचं नाव कोरलंय ते डोंगराच्या पायथ्याशी, कासिनोच्या युद्धस्मारकावर. मठात जायच्या आधी तिथे जा आणि ते नाव शोधा.