‘पहिली-चौथीच्या पोरांना कसलं टेन्शन?’ त्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. म्हणणं थोडक्यात असं: लहान पोरांना कसलं आलंय टेन्शन, आम्ही छड्या खाऊनच शिकलो, मनातलं विचारत बसलं की पोरं डोक्यावर बसतात, आणि समुपदेशन वगैरे शहरातल्या मोठ्या शाळांनी करावं, दोन शिक्षकी शाळेला ते जमायचं नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

लहान मुलांना ताण असतो, फक्त त्याला नाव देता येत नाही. सात वर्षांचं मूल ‘मला भीती वाटते’ म्हणत नाही, ‘आई, पोटात दुखालंय’ म्हणतं. सोमवारी सकाळी कळवळतं, शाळेची वेळ टळली की अंगणात खेळायला लागतं. घरचे म्हणतात, सोंग आहे. सोंग नसतं. ताणानं आतड्यांची हालचाल खरोखर बदलते आणि पोट खरोखर दुखतं. ताप, घटणारं वजन, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरकडे न्या. नसेल तर दोन आठवडे वहीत लिहा: कोणत्या दिवशी दुखलं, त्या दिवशी पहिला तास कशाचा होता, शेजारी कोण बसलं होतं, घरी आल्यावर मूल आधी कुठं धावलं.

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. आल्या आल्या दप्तर टाकून न्हाणीकडं पळणारं मूल दिवसभर लघवी धरून बसलेलं असतं, कारण शाळेच्या शौचालयाला आतून कडी नाही, किंवा मोठी मुलं दार ढकलतात. असं मूल सकाळपासून पाणी टाळतं. मग शौचाला खडा होतो, पोट दुखतं, दुपारी लक्ष लागत नाही, आणि शेरा पडतो ‘आळशी’. इथं समुपदेशक नको, सुतार हवा. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत हा विषय पहिला घ्या.

आपल्या भागात आणखी एक ताण आहे, भाषेचा. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात कन्नड किंवा इंग्रजी. नव्या माध्यमात घातलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, शब्द साठवत असतं. हे नैसर्गिक आहे. बघायचं इतकंच, की मधल्या सुट्टीत ते मराठी बोलणाऱ्या सोबत्याशी मोकळं बोलतं का. बोलत असेल तर वाट बघा. घरी बडबडणारं मूल शाळेत मराठीतसुद्धा तोंड उघडत नसेल आणि प्रवेशाचा पहिला महिना सोडून पुढंही महिनाभर तेच चाललं असेल, तर तो हट्ट नव्हे, बोलण्याची भीती असते. त्या भीतीवर उपचार आहेत.

अशा मुलाला सगळ्यांसमोर ‘बोल की!’ म्हणणं सर्वांत वाईट. जीभ आणखी आत जाते. त्याच्या शेजारी बसा, तोंडाकडं रोखून बघू नका. प्रश्न विचारण्याऐवजी दिसतंय ते म्हणा: ‘तू निळा रंग घेतलास.’ मग बोट दाखवून उत्तर देता येईल असं विचारा, काही दिवसांनी ‘लाल की हिरवा?’, त्यानंतर एक शब्द. दर वेळी मनात पाच मोजेपर्यंत थांबा. बहुतेक शिक्षक दुसऱ्या सेकंदालाच स्वतः उत्तर देऊन टाकतात आणि सगळं तिथंच फिसकटतं. मराठी बोललं म्हणून दंड करणाऱ्या शाळेत यातलं काहीच चालणार नाही. तो दंड आधी बंद करायला लावा.

वाचनाची अडचण असेल तेव्हाही दोन्ही लिप्या तपासा. फक्त कन्नड अडतं आणि मराठी नीट येतं, तर बहुधा सराव कमी पडलाय. दोन्हीकडं अक्षरं जुळत नसतील आणि ‘कमळ’मधला पहिला आवाजही ओळखता येत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार मुलालाही वाचणं-लिहिणं जड जाण्याच्या अडचणीची, तपासणी करून घ्या. त्याआधी डोळे आणि कान.

छड्यांबद्दल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. अंगठे धरायला लावणं, सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणणं यातच येतं. घाबरलेल्या मुलाचं लक्ष गणिताकडं नसतं, मास्तरांच्या हाताकडं असतं. आपण शिकलो ते छडी असूनही शिकलो.

‘विचारलं की पोरं डोक्यावर बसतात’ हे विचारण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. ‘का रडतोस?’ याला मुलाकडं उत्तर नसतं. ‘आज सुट्टीत कुणाबरोबर होतास?’ याला असतं. आणि मुलानं कुणी अंगाला नको तसा हात लावल्याचं सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, खोदून खोदून पुन्हा विचारू नका आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं असा प्रकार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

राहिली दोन शिक्षकी शाळा. हजेरी घेताना रोज दोनच मुलांकडं नीट बघा, तीस पटाच्या वर्गात तीन आठवड्यांत सगळी बघून होतात. दुपारच्या जेवणाच्या रांगेत एकटं कोण, ताट तसंच कोण ठेवतं, नली-कलीच्या (खेळत, कृती करत टप्प्याटप्प्यानं शिकवण्याच्या पद्धतीच्या) एकाच टप्प्यावर महिनाभर कोण अडकलंय. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा आठवडा जास्त जपा, कारण दबलेल्या तक्रारी तेव्हा पुन्हा वर येतात. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल परत अंथरूण ओलं करू लागलंय असं पालक म्हणाले, तर लघवी तपासायला सांगा आणि घरात काय बदललं ते विचारा.

वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला शाळेत येतं. तेव्हा ‘सगळं ठीक’ म्हणून सही करू नका, ती दोन आठवड्यांची वही त्यांच्यापुढं ठेवा. पथक येईपर्यंत थांबता येत नसेल तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस फोन सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येतं. पुढचे उपचार लागलेच तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. जाताना वही बरोबर न्या आणि मुलाला खरं काय ते सांगा: ‘तुझं पोट का दुखतं ते त्या डॉक्टरांना विचारायला चाललोय, सुई टोचणार नाहीत.’