‘250 ओहमच्या वरचेच घ्या’: ओपन-बॅक हेडफोनच्या एका फिरत्या सल्ल्याबद्दल

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरत असतो: तंबोऱ्याचा झंकार खरा ऐकायचा तर ओपन-बॅक (मागून उघड्या, जाळीदार कपाचे) हेडफोनच घ्या, तेही 250 ओहमच्या वरचे, जोडीला ॲम्प (आवाज वाढवणारं यंत्र) घ्या, शंभर तास नुसते वाजवून ‘बर्न-इन’ करा, की मैफल समोर उभी राहते. यात ओपन-बॅकचा मुद्दा अर्धा खरा आहे. उरलेल्यात नुसता खिसा रिकामा होतो.

आधी ओहम. हा आकडा विजेला होणारा अडथळा सांगतो, आवाजाची प्रत नव्हे. बेयरडायनॅमिक डीटी 990 प्रो हा ओपन-बॅक हेडफोन 250 ओहमचा, 1 मिलिवॉटला 96 डेसिबल देणारा. हायफायमॅन एचई-6 फक्त 50 ओहमचा, पण 1 मिलिवॉटला 83.5 डेसिबलच. फोनच्या डोंगलमधून (हेडफोन लावायच्या छोट्या जोडातून) 1 व्होल्ट मिळाला, तर पहिल्याला 4 मिलिवॉट पोचतात आणि आवाज होतो 102 डेसिबल. दुसऱ्याला 20 मिलिवॉट मिळूनही 96.5. म्हणजे कमी ओहमवालाच चालवायला जड! त्यामुळे बघायची ती संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती आवाज होतो ते, आणि तिचं एककही. काही कंपन्या ती दर मिलिवॉटला देतात, काही दर व्होल्टला. एकाच 32 ओहमच्या हेडफोनसाठी या दोन आकड्यांत 15 डेसिबलचा फरक पडतो, त्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

ॲम्पची गरजही यावरूनच ठरते. वरचे 102 डेसिबल ही कमाल पातळी, सतत ऐकायची नव्हे; तेवढ्यात ख्याल आरामात बसतो. उलट, जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमध्ये बऱ्याचदा शंभरेक ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर 32 ओहमचे साधे डायनॅमिक (कॉइलने पडदा हलवणारे) हेडफोन लावले की डग्गा फुगतो, घुमारा लांबतो. प्लेनर, म्हणजे एचई-6 सारख्या सपाट पडद्याच्या, हेडफोनचा अडथळा सगळ्या स्वरांना जवळपास सारखाच, म्हणून त्यांचा तोल ढळत नाही.

आता तंबोरा. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावला तर जोडीच्या तारा सुमारे 139 हर्ट्झवर, खर्ज 69 वर. जवारीचा झंकार मात्र त्याच्या कितीतरी वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत) असतो. ओपन-बॅकमध्ये पडद्यामागचा आवाज कपात आदळून परत येत नाही, म्हणून हे स्वरांश मोकळे ऐकू येतात. तेवढा दावा मान्य. पण बहुतेक डायनॅमिक ओपन-बॅकमध्ये खर्जाच्या खालचा आवाज कमी होऊ लागतो. शिवाय डीटी 990 ला 8 किलोहर्ट्झच्या आसपास तीक्ष्ण उंचवटा आहे, त्यामुळे सतार टोचते. ओपन-बॅक सगळेच सारखे नसतात, ते असे.

‘मैफल समोर उभी राहते’ हे तर ध्वनिमुद्रणावर अवलंबून. केसरबाई केरकरांच्या 78 आरपीएम तबकड्या मोनो आहेत. त्या कुठल्याही हेडफोनवर डोक्याच्या मधोमधच वाजणार, आणि तीक्ष्ण हेडफोनवर वर खरखर जास्त.

सल्ल्यात पंख्याचा उल्लेखच नसतो. ओपन-बॅक बाहेरचा आवाज अडवत नाही, म्हणून विलंबित आलापातले हळू स्वर फिरत्या पंख्यात बुडतात आणि हात आपोआप व्हॉल्यूमवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये चांगला क्लोज्ड-बॅकच (बंद कपाचाच) बरा.

बर्न-इनबद्दल थोडक्यात: पडद्यात मोजून सापडणारा बदल नगण्य असतो. बदलतात ते कानाभोवतीचे पॅड आणि आपली सवय. पॅड दबले की ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानाजवळ येतो आणि तोल बिघडतो. मग नवे पॅड घाला. चष्म्याच्या दांडीने पॅडमध्ये फट पडली तर प्लेनरचाही खर्ज गळतो.

दुकानात दोन हेडफोन ताडताना आधी त्यांचा आवाज सारखा करा. 1 डेसिबल मोठा असलेलाही ‘जास्त मोकळा’ वाटतो. मग नुसता तंबोरा अर्धा मिनिट, त्यानंतर डग्ग्याचा घुमारा, आणि शेवटी ‘स’ असलेले शब्द. डग्गा पातळ वाटला तर नवा हेडफोन शोधण्याआधी इक्वलायझरमध्ये 100 हर्ट्झखाली 4 डेसिबल वाढवून बघा. एकूण पातळी तेवढीच खाली घ्यायला विसरू नका, नाहीतर समेवर आवाज फाटेल.