‘रिकाम्या बायकांची चैन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार स्पष्टवक्ते,

(खरं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा हेच चालवून घ्या.)

चाळिशीच्या आसपास पुन्हा शिकायला लागणाऱ्यांनी जमेल तर वर्गात जाऊनच शिकावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. सुरुवात ‘ताई’ने आणि तिसऱ्याच ओळीत हे : ‘घर टाकून वर्गात जाऊन बसणं ही शहरातल्या रिकाम्या बायकांची चैन आहे.’ बाकीचे मुद्दे असे, की ऑनलाइन पदवीलाही तेवढीच मान्यता आहे, फी आणि प्रवासाचा हिशोब मी मांडलेला नाही, आणि तालुक्याच्या गावात असे वर्ग असतातच कुठे.

मान्यतेचं आधी मिटवून टाकू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२०च्या नियमावलीप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. ही एक ओळ लेखात यायला हवी होती, मान्य. पण ‘आता सगळंच ऑनलाइन होतं’ असं जे तुम्ही ठोकून दिलंत, ते कशाच्या आधारावर? कायदा, वैद्यक, नर्सिंग यांच्या पदव्या ऑनलाइन घेता येत नाहीत. दुसऱ्याला अर्धवट माहितीवर लिहिणारी म्हणण्याआधी एवढं तरी बघायचं होतंत.

आता चैनीबद्दल. बारावीनंतर माझं लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. पतसंस्थेत नोकरी करता करता बी.कॉम. केलं, तेही मुक्त विद्यापीठातून, म्हणजे तुम्ही समजता तशी मी काही दूरशिक्षणाची वैरीण नाही. संपर्कसत्रं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचे समोरासमोरचे वर्ग, रविवारी. डोंबिवलीहून ठाण्याला जायचं आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. इंडिकेटरवर गाडीच नाही, फलाटावर मुंगीला शिरायला जागा नाही, पर्समध्ये खातेवही आणि सकाळीच लाटून ठेवलेल्या पोळ्या. या चैनीला या एकदा.

त्याआधी ऑनलाइनही करून पाहिलं होतं, पैसे भरून. संस्थेचं नाव घेत नाही. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि एक कान लेक्चरकडे. चॅटमध्ये शंका टाकली की उत्तर ठरलेलं : ‘पुढच्या सेशनमध्ये घेऊ.’ ते पुढचं सेशन अजून यायचंय. पण खरी अडचण ती नव्हतीच. बाई घरात दिसतेय म्हटल्यावर ती मोकळीच आहे असं सगळे धरून चालतात. सासूबाईंना गोळी हवी, धाकट्याचा सॉक्स सापडत नाही, गॅसवाला दारात. ‘क्लास चालू आहे’ म्हटलं की उत्तर यायचं, ‘अगं मग नंतर बघ ना, रेकॉर्डिंग असतंच की.’ ते नंतर रात्री अकराला उजाडायचं आणि मी मोबाइल हातात घेऊन झोपलेली. ज्यांच्या खोलीला आतून कडी लागते आणि बाहेर कुणी चहा करून ठेवतं, त्यांना ऑनलाइन सोयीचं वाटणारच. तुमच्या खोलीला आहे का हो कडी?

आणि वर्गात काय मिळालं म्हणता, तर ऐका. माझी तेरीज, म्हणजे नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा ताडून पाहायचा तक्ता, जुळत नव्हती, ४,८०० रुपयांचा फरक. सर मागून आले आणि वहीकडे न बघताच म्हणाले, ‘फरक निम्मा करा आणि ती रक्कम शोधा.’ २,४०० रुपये, पुढच्या वर्षासाठी आधीच भरलेला विम्याचा हप्ता. नावे बाजूला असायला हवा, मी जमेला टाकला होता. रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो, हे व्हिडिओतही सांगत असतील. पण माझ्या वहीवर बोट ठेवून नाही सांगत. शेजारच्या बाकावरच्या रिक्षावाल्या दादांचीही तीच चूक होती. दिवसभर रिक्षा चालवून शिकायला येणारा तो माणूसही तुमच्या हिशोबात रिकामाच म्हणायचा. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी रात्रशाळा काढली, तिथेही दिवसभर राबलेली माणसंच येऊन बसत. त्यांनाही कळवू का तुमचं मत?

‘मी फक्त व्यवहाराचं बोललो’ असं तुम्ही पुढे म्हटलंय. व्यवहाराचं बोलायला कुणाला रिकामं म्हणावं लागत नाही. निवृत्त शिक्षक आहात असं लिहिलंय, म्हणून जास्त लागलं. वर्गातल्या बायकांशीही असंच बोलत होतात का?

फीचं म्हणाल तर ती शिक्षणक्रमागणिक बदलते, विद्यापीठाच्या साइटवर माहितीपत्रक असतं ते बघा, मी कुणाची एजंट नाही. गावाकडे वर्ग नसतात हे खरं आहे, पण माझा लेख त्याबद्दल नव्हताच. ‘जमेल तर’ असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. गावाकडच्या वर्गांवर कधीतरी वेगळं लिहीन, वेळ झाला तर.

राहता राहिलं ते तुमचं शेवटचं वाक्य : ‘घरच्यांचे काय हाल झाले ते मिस्टरांना विचारा.’ ते हा ब्लॉग वाचत नाहीत. माझ्या शिक्षणाबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा, आणि या वेळी खाली स्वतःचं नाव घालून.