कोजागिरी ते कोजागिरी

मागच्या कोजागिरीला रात्री पहिलं साहित्यपत्र ई-मेलने पाठवलं, तेव्हा यादीत 19 जण होते. निम्मे घरचेच. दर पौर्णिमेला एक पत्र, जुनी कविता, जुनं मासिक, एखादा विसरलेला लेखक, असं ठरवलं होतं. मध्ये अधिक महिना आला, म्हणून वर्षाची पत्रं बारा नाही, तेरा झाली.

हे सुचलं ते जळगावच्या नारायण नरसिंह फडणीसांमुळे. त्यांनी 1887 मध्ये ‘काव्यरत्नावली’ सुरू केलं. नुसत्या कवितेचं मासिक, तेही मुंबई-पुण्यापासून इतक्या लांब! आणि ते चाललं जवळजवळ अर्धं शतक. 1907 मध्ये जळगावातच कविसंमेलन भरलं आणि तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या पोराला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. मी खानदेशातली, तरी हे मला चाळिशीत कळलं. याचं वाईट वाटलं आणि लिहायला बसले.

वर्षभर सल्ले भरपूर मिळाले. पत्र छोटं कर, रील कर, वर्गणी लाव. सगळे प्रेमानेच सांगत होते. पण मला पटत नाही. कवितेजवळ थोडा वेळ बसावं लागतं, आणि बसणारी माणसं आहेत हे मी आता अनुभवाने सांगते. आई दवाखान्यात होती तेव्हा एक पत्र चार दिवस उशिरा गेलं. तोवर सात जणांचे निरोप आले होते, “पत्र आलं नाही, घरी सगळं बरं आहे ना?” दवाखान्याच्या बाकावर बसून ते वाचताना डोळे भरून आले.

सगळ्यात मोठं काही मिळालं ते बहिणाबाईंवरच्या पत्रानंतर. बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 ला गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपात आली 1952 मध्ये. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी ती कागदावर उतरवून ठेवली नसती तर आपल्यापर्यंत काय पोचलं असतं? एवढंच मी विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी भुसावळकडच्या एका वाचकाचं उत्तर आलं. त्याने आजीजवळ बसून तिच्या जात्यावरच्या 22 ओव्या वहीत उतरवल्या होत्या आणि पानांचे फोटो पाठवले होते. आजी नव्वदीची. जातं घरातून कधीच गेलंय, ओव्या मात्र तिला पाठ आहेत. पहिल्या पानावर त्याने ‘डोये’ खोडून ‘डोळे’ केलं होतं. मी लगेच कळवलं, बाबा रे, आजी म्हणते तसंच राहू दे. ती आपल्या खानदेशातली लेवा गणबोली आहे, चूक नाही.

आज रात्री चौदावं पत्र जाईल. त्यात त्या ओव्या आहेत, आजीची परवानगी घेऊन, तिच्याच उच्चारात. तुमच्या घरी अशी कुणी आजी, मावशी, काकू असेल तर या दिवाळीत वही घेऊन तिच्याजवळ बसा. शब्द अडला तर विचारा, पण बदलू नका. आणि जमलं तर मला पाठवा, पुढच्या पौर्णिमेची जागा मी मोकळी ठेवली आहे.