‘तुरटी फिरवा आणि बिनधास्त प्या’ म्हणणाऱ्यांना

नळाला लाल पाणी यायला लागलं की हा मेसेज सोसायटीच्या नाहीतर भावकीच्या ग्रुपवर हमखास येतो. मजकूर साधारण असा: पाणी उकळून गॅस जाळू नका, उकळलेलं पाणी ‘मृत’ होतं. तुरटी फिरवा, सुती कापडाने गाळा, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवा, नाहीतर बाटलीत भरून उन्हात ठेवा. क्लोरीन टाळा, त्याने कॅन्सर होतो. खात्री हवी तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) बुडवा. यातलं सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. अर्धं खरं आहे, म्हणून माणसं फसतात.

तुरटीचंच घ्या. मातीचे बारीक कण सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी तो भार मोडते, कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर बरेच जंतूही खाली जातात. पण मरत नाहीत, आणि सगळे जातही नाहीत. वरच्या नितळ पाण्यात जुलाब किंवा कावीळ व्हायला पुरतील एवढे जंतू उरू शकतात. पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही आधी असाच गाळ बसवतात, पण पुढे वाळूचा फिल्टर आणि मग क्लोरीन असतं. मेसेजने पहिली पायरी उचलली आणि पुढच्या दोन खाऊन टाकल्या. शेवग्याच्या बियांची पूडही गाळ बसवण्याचंच काम करते. शिवाय तिचे अंश राहिलेलं पाणी लवकर खराब होतं, ते वेगळंच.

कापडाला मात्र मी अर्धे मार्क देईन. नारू आठवतो? पायाला फोड यायचा आणि त्यातून हातभर जंत हळूहळू बाहेर यायचा. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्याच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या पाणकिड्यात राहतात, आणि तो किडा कापडात अडकतो. गाळलेलं पाणी, पायऱ्यांच्या विहिरींचा बंदोबस्त आणि घरोघरची पाहणी यांच्या जोरावर हा रोग हटला. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला, कारण तिथे कॉलऱ्याचे जीवाणू अशाच सूक्ष्म पाणकिड्यांना चिकटून असतात. साडी जुनी हवी: धुऊन धुऊन धागा फुलतो आणि छिद्रं बारीक होतात. तरीही ती छिद्रं साधारण 20 मायक्रोमीटरची असतात. सुटा जीवाणू एक-दोन मायक्रोमीटरचा, तो आरपार जातो. काविळीचा विषाणू तर त्याहूनही कितीतरी लहान. आणि निम्म्याने घटला म्हणजे निम्मा उरलाच की.

तांबं जीवाणू मारतं, हे बंगळुरूतल्या एका प्रयोगात दिसलं आहे. पण तिथे पाणी 16 तास ठेवलं होतं. रात्री दहाला भरून सकाळी सहाला प्यायलं तर निम्मेच तास झाले, आणि चार माणसांच्या घरात हंडा 16 तास कोण राखून ठेवणार? शिवाय आतून कल्हई केलेली असेल तर पाण्याला तांबं लागतच नाही.

उन्हातली बाटली ही खरोखर तपासलेली पद्धत आहे: दोन लिटरपर्यंतची पारदर्शक, ओरखडे नसलेली प्लास्टिकची बाटली, कडक उन्हात आडवी, सहा तास. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. पाणी पुरेसं नितळ आहे का हे बघायला बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी धरा आणि तोंडातून खाली बघा. मथळा वाचता आला पाहिजे. आता सांगा, जुलैच्या झडीत लाल पाण्याची बाटली ठेवून काय उपयोग? एप्रिल-मेमध्ये, टँकरच्या नितळ पाण्याला ही युक्ती चालेल.

उरलं उकळणं. ‘मृत’ वगैरे काही नाही. विरघळलेली हवा निघून जाते म्हणून चव सपक लागते. दोन भांड्यांतून चार वेळा वरखाली ओतलं की सुधारते. वीस मिनिटं उकळायचीही गरज नाही. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. तीन मिनिटं लागतात ती 2,000 मीटरच्या वर, आणि आपलं कळसूबाई शिखरच 1,646 मीटर आहे. झाकण ठेवा, गॅस वाचतो. नंतर पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा. पेल्याबरोबर बोटं बुडाली की उकळणं वाया.

क्लोरीनची भीती मला सगळ्यात घातक वाटते, कारण ऐन साथीत तोच सगळ्यात स्वस्त उपाय असतो. क्लोरीनचा पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी संयोग होऊन काही उपपदार्थ बनतात, हे खरं. पण जंतू तसेच सोडण्याच्या धोक्यापुढे तो धोका फारच किरकोळ आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. म्हणून आधी गाळ बसवा, वरचं पाणी गाळून घ्या (तुरटी आणि साडीची खरी जागा इथे), मग आशाताईंनी (गावच्या आरोग्य कार्यकर्तीने) दिलेल्या बाटलीतलं क्लोरीनचं औषध लेबलवरच्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चिमटीने थेट माठात टाकू नका. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर किती उरलाय ते चिमटीला कळत नाही.

आणि तो टीडीएस मीटर. तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. गटाराचं थोडं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा आकडाही 150, म्हणजे चांगला वाटेल असा, येऊ शकतो आणि शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर तो उड्या मारतो. दारावर येणारा आरओ फिल्टरचा विक्रेता तुमच्या पाण्यात धातूच्या कांड्या घालून वीज सोडतो, पाणी तपकिरी होतं आणि घरातले हादरतात. तो रंग कांडीतल्या लोखंडाचा. त्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि रंगही चढत नाही.

मीटर फ्लोराईडही (जास्त झाला तर दात-हाडं बिघडवणारा घटक) वेगळा ओळखत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात तो मर्यादेबाहेर आहे. तिथे हे पाणी उकळून आटवलं तर फ्लोराईड उलट वाढतो. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून तो काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच शोधली, पण तिची मापं पाण्याच्या तपासणीवर ठरतात. अंदाजाने तुरटी ओतली तर अॅल्युमिनियम पोटात जायचं. तेव्हा बोअरचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत तपासलेल्या विहिरीचं पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकापुरतं आणा. आंघोळीला, धुण्याला ती बोअर चालते.