बेकायदेशीर म्हणू नका, साहेबांना लागतं

सोलापुरात सुखानं राहायचं असेल तर ‘बेकायदेशीर’ हा शब्द घरी कपाटात ठेवून बाहेर पडा. मी परवा तो एका अर्जात लिहिला आणि तेव्हापासून टेबलं फिरतोय.

विषय साधा होता. विजापूर रोडला आमच्या वळणावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, दुभाजकातल्या खांबापासून थेट झाडापर्यंत ताणलेला. वळताना समोरून येणारी गाडी दिसायची नाही. अर्ज वाचून साहेब म्हणाले, “काका, बेकायदेशीर काय म्हणलालाव? विनापरवाना म्हणा.” परवान्याच्या टेबलानं सांगितलं, हे ‘अनधिकृत’ आहे, अतिक्रमणकडं जावा. अतिक्रमणवाले म्हणाले, खांबाला बांधलंय ना? मग ‘विद्रूपीकरण’. अर्ज नवीन लिहा. नवीन लिहून नेईपर्यंत त्या फ्लेक्सवर दुसऱ्या दादांचा फ्लेक्स चढला होता आणि माझा फ्लेक्स ‘स्थळपाहणीत आढळून आला नाही’.

तेव्हा मालक, शब्द नीट शिकून घ्या. नियम अवघड नाही. काम काय केलंय ते बघायचं नाही, कुणी केलंय ते बघायचं. आपल्या माणसानं केलं तर ‘विनापरवाना’, म्हणजे बिचाऱ्याचा एक कागद तेवढा राहून गेला. शेजाऱ्यानं केलं तर ‘अनधिकृत’. भाडेकरूनं केलं तर बिनधास्त ‘बेकायदेशीर’. हातगाडीवाल्यानं केलं तर शब्द शोधत बसू नका, तोवर गाडी उचलून नेलेली असते.

‘अनधिकृत’ला आणखी एक गुण आहे, त्यात वेळ मिळतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवा. अनधिकृत, अनधिकृत म्हणत सगळे वर्षानुवर्षं भांडले आणि ती उभीच. 15 जून 2023 ला आडवी झाली तीसुद्धा विमानाला अडते म्हणून.

वाळूची चोरी होत नाही. भीमेची असो नाहीतर सीनेची, तिचा ‘उपसा’ होतो.

गुटखा ‘प्रतिबंधित’ आहे, जुलै 2012 पासून. ती बंदी दर वर्षी नव्यानं काढावी लागते. गुटख्याला असला काही त्रास नाही, टपरीवर फक्त ‘ते’ म्हणायचं.

दारूच्या बाबतीत मात्र पत्ता विचारून मगच शब्द वापरा. मुळेगाव तांड्यावरची असेल तर ‘अवैध’. होटगी रोडला एसीत बसून घेतली तर ‘बसणं’. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, पिणाऱ्याकडंही परवाना लागतो, हे बसलेल्यांपैकी कुणाला माहीत असेल तर मला कळवा. 2021 मध्ये ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ काढलं, तांड्यावर जाऊन लोकांना भट्टी सोडा, दुसरा धंदा करा म्हणून समजावलं. चांगलंच केलं. एसीत जाऊन कुणी कुणाचं परिवर्तन केल्याचं अजून कानावर नाही.

रात्री दहानंतरच्या डॉल्बीला ‘उत्साह’ म्हणावं. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, असं म्हणू नये. तुम्हाला ऐकू येणार नाही.

आता फ्लेक्स. फ्लेक्ससाठी सगळ्यात सुंदर शब्द पोलिसांकडं आहे, ‘अज्ञात इसम’. फ्लेक्सवर त्या इसमाचा गॉगल घातलेला दहा फुटी फोटो, पूर्ण नाव, पद, कधी कधी मोबाइल नंबर, खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या गल्लीची मुंडकी, आणि गुन्हा दाखल झालाच तर अज्ञात इसमाविरुद्ध! अरे, याच्याइतका ज्ञात इसम गावात दुसरा आहे का? त्याच्या आईनं त्याला इतक्या जवळून बघितलं नसेल. महापालिका अधिनियम सांगतो, आयुक्तांच्या परवानगीशिवाय जाहिरात लावायची नाही. 1995 चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड सांगतो. उच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2017 ला राज्यातल्या सगळ्या महापालिकांना बजावून झालं. त्यानंतरही शिडी येते, चार पोरं येतात, भर दुपारी सिग्नलशेजारी फ्लेक्स बांधतात आणि हवालदार त्याच फ्लेक्सच्या सावलीत उभा राहतो. घाटकोपरचं होर्डिंग 40 बाय 40 फुटांच्या मर्यादेऐवजी 120 बाय 120 झालं होतं. 13 मे 2024 ला वारा येईपर्यंत तेही नुसतं ‘अनधिकृत’च होतं. मग 17 माणसं गेली आणि एका दिवसात सगळ्यांना खरा शब्द आठवला. आपल्याकडं वळवाचा वारा येत नाही काय? पार्क चौकात उभं राहून एकदा मान वर करून बघा, डोक्यावर काय काय टांगलंय.

आणि ज्यांना वाटतं की शब्दानं काय फरक पडतो, त्यांनी आपल्या सोलापुरातल्या सेटलमेंट वस्तीत जाऊन यावं. 1871 च्या इंग्रजांच्या कायद्यानं जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवल्या. चोरी केलीस का, हे कुणी विचारलं नाही. कुणाच्या पोटी जन्मलास एवढं बघितलं आणि तारेच्या कुंपणात टाकलं, वर हजेरी. त्यांना कुणी ‘विनापरवाना’ म्हणालं नाही. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, माणसं विमुक्त झाली, वस्तीचं नाव मात्र तेच राहिलं. गावात आज चोरी झाली की पहिला संशय कुणावर जातो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. न केलेल्या गुन्ह्याला ज्या गावात एवढा कडक शब्द मिळाला, त्याच गावात फोटो छापून केलेल्या गुन्ह्याला ‘अज्ञात’ म्हणायचं?

बास झाली मस्करी. बेकायदेशीर आहे ते बेकायदेशीर आहे. साहेब, तुमची टेबलं कितीही असोत, तुम्हाला पगार ते काढण्यासाठी आहे, त्याला नाव ठेवण्यासाठी नाही. आणि तुम्ही हसू नका. रोज न येणाऱ्या पाण्याबद्दल तुम्ही कधी अर्ज केला नाही, पण दादांच्या फ्लेक्सवर आपला फोटो बारीक आला म्हणून भांडायला गेला होता. दादांना मोठं तुम्हीच केलंत, पाचशे-पाचशेची वर्गणी देऊन. पुढच्या महिन्यात तुमचा पोरगा पण येईल, मित्राच्या वाढदिवसाला शुभेच्छुक व्हायचंय म्हणून पैसे मागायला. देऊ नका.