एकमेकांना आधार द्यावा (अहवाल दोन प्रतींत)

मुख्याध्यापक व्हा, पर्यवेक्षक व्हा, ते नाही जमलं तर निदान एखाद्या समितीचे निमंत्रक तरी व्हा, म्हणजे पुढची महामारी तुम्हाला जड जाणार नाही. मागची ज्यांना जड गेली त्यांच्या हातात खडू होता, नाहीतर झाडू. तुमच्या हातात लेटरहेड असेल. तेव्हा काय करायचं ते आत्ताच वाचून ठेवा. ऐन वेळी परिपत्रक सुचत नाही.

पहिलं परिपत्रक एका ओळीचं असावं. 'सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यावा.' या वाक्याचं सौंदर्य बघा. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, आणि तुम्ही कुठेच नाही. शिवाय खर्च शून्य. कोणी मास्क मागितले, आधार द्या म्हणावं. आजारी पडलेल्याच्या जागी माणूस मागितला, आधार द्या. स्वतःच्या फोनवरून दिवसाला पाच तास घेतोय, त्या नेटचे पैसे कोण देणार असं कोणी विचारलंच, तर आवाज जरा ओला करून 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' म्हणावं. कुटुंबात कोणी बिलं मागतं का?

एखादा आगाऊ शिक्षक आकडे घेऊन येईल. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० ला महामारी म्हटलं, आणि एप्रिल उजाडेपर्यंत युनेस्कोच्या मोजणीनुसार १९० च्या आसपास देशांत शाळांना कुलपं लागून दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले होते, असं तो सांगेल. मग विचारेल, इतक्या मुलांच्या शिक्षकांना पडद्यावर शिकवायला कोणी शिकवलं? या प्रश्नाला उत्तर देऊ नका, कारण उत्तर त्याला माहीत असतं. आमच्याकडे चित्रकलेच्या बाईंनी गणिताच्या सरांना शिकवलं. फोन पुस्तकांच्या चळतीवर कसा टेकवायचा, तो घसरू नये म्हणून पुढे डस्टर कसं लावायचं, आणि मुलं एकदम गप्प झाली तर ती शहाणी झालेली नसून आपलाच आवाज बंद आहे, हे कसं ओळखायचं. हे प्रशिक्षण रात्री साडेदहाला फोनवर झालं. अधिकृत प्रशिक्षण त्यानंतर दोन महिन्यांनी आलं. त्यात पहिला तासभर मान्यवरांचा परिचय होता.

आता मुख्य विषय, ताण. इथे फार सांभाळून पावलं टाकावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०१९ मध्ये, म्हणजे महामारीच्या जेमतेम वर्षभर आधी, 'बर्नआउट'ची व्याख्या करून ठेवली. तो आजार नव्हे, असं तिनं स्पष्ट केलं. इथवर वाचून तुम्हाला बरं वाटेल. पण पुढे वाचू नका, कारण पुढे म्हटलंय की कामाच्या ठिकाणचा, सतत चालणारा आणि नीट न हाताळलेला ताण यातून तो येतो. 'कामाच्या ठिकाणचा' हा शब्द एकदा का स्टाफरूममध्ये शिरला की ठिकाण कोणाचं, हा प्रश्न येणारच. त्यापेक्षा 'सकारात्मकता' हा शब्द वापरावा. सकारात्मकता ज्याची त्यानं घरून आणायची असते.

सकारात्मकतेसाठी वेबिनार घ्यावा. मी अशा एका वेबिनारला होतो. दिवसाचे पाच तास पडद्यासमोर काढलेल्या माणसांना पडद्याचा शीण कसा घालवावा हे पडद्यावरून सांगायचं, अशी ती योजना होती. वक्ते म्हणाले, 'डोळे मिटा. आता जगाला विसरा. फक्त स्वतःचा विचार करा.' मी कॅमेरा बंद करून २२ वह्यांचे फोटो तपासले. ज्यांना कॅमेरा बंद करायचं सुचलं नाही, त्या आमच्या एक बाई डोळे मिटून खरोखरच झोपल्या. घरात दोन आजारी, पहाटेपासूनचा स्वयंपाक, मग तास, मग हा वेबिनार. मान हळूहळू खाली गेली आणि चौकोनात फक्त केसांचा भांग दिसू लागला. निमंत्रक आमच्यातलाच एक तरुण शिक्षक होता. त्यानं त्यांचा माईक बंद केला, वक्त्यांना दिसू नये म्हणून त्यांचा चौकोन शेवटच्या पानावर जाईल असं काहीतरी केलं, आणि अखेरीस हजेरीच्या फॉर्ममध्ये त्यांचं नाव स्वतःच भरलं. त्या पन्नास मिनिटं झोपल्या. त्या वर्षातला ताणमुक्तीचा यशस्वी झालेला हा एकमेव कार्यक्रम, आणि नेमका तोच गैरप्रकार होता. असल्या गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

जाता जाता एक सांगतो. झूमच्या फुकट बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा असे. एकेचाळिसाव्या मिनिटाला भाषण आपोआप तुटायचं आणि कोणाचा अपमानही व्हायचा नाही. पुढे कितीतरी देशांतल्या शाळांसाठी कंपनीनं ती मर्यादा तात्पुरती उठवली. हेतू चांगला होता, मी कंपनीला दोष देत नाही. पण ज्यांनी त्यानंतरच्या स्टाफ-मीटिंगा सोसल्या, त्यांना विचारा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत पडद्यावरच्या बैठकींनी येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली. सगळे चेहरे सतत अंगावर आल्यासारखे जवळ दिसणं, दिवसभर स्वतःचंच तोंड बघावं लागणं, एका जागी खिळून बसणं आणि साधी मान डोलावलेली कळायलाही डोक्याला पडणारा ताण. पाचवं कारण, 'सर्वांनी कॅमेरे चालू ठेवावेत' ही सूचना, ती तुमची. ती कायम ठेवा.

शाळा पुन्हा भरायला लागल्यावर निर्जंतुकीकरण करावं, आणि ते दिसेल असं करावं. फवारणी उत्तम. पांढरा वेष, पाठीवर टाकी, नळीतून धूर, फोटो झकास येतो. बाकं पुसावीत, मस्टर पुसावं, घंटाही पुसावी. आमच्या शिपाई मावशींना हे शास्त्र कळत नसे. त्या सगळ्यांच्या आधी येऊन फक्त खिडक्या उघडायच्या. अकरापैकी चार खिडक्या वाऱ्यानं आपटायच्या, म्हणून त्यांनी जुन्या रजिस्टरांचे पुठ्ठे कापून, दुमडून पाचरी केल्या होत्या. कोणत्या खिडकीला किती घड्यांची पाचर, हे त्यांनाच ठाऊक. 'माणसं कोंडली की आजार वाढतो,' एवढंच त्यांचं म्हणणं. मावशींचं शिक्षण बेताचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २८ मार्च २०२० ला जाहीर सांगितलं होतं की हा आजार हवेतून पसरत नाही. पुढे त्याच संघटनेनं ते हळूहळू मागे घेतलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं लिहिलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता एका स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकाहून कमी. म्हणजे आमची घंटा निर्दोष होती. क्षयरोगाच्या काळात, १९०४ मध्ये, बर्लिनजवळ शार्लोटेनबर्गला नाजूक तब्येतीच्या मुलांची शाळाच झाडांखाली भरवली होती, हेही मावशींना माहीत नव्हतं. तरीही तुम्ही फवारणीच धरून राहा. उघड्या खिडकीसमोर फीत कापता येत नाही.

दाखले देणाऱ्या माणसांपासून एकूणच जपा. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओच्या साथीनं शाळा उघडणं लांबलं, तेव्हा रेडिओवरून धडे दिले, वर्तमानपत्रांत त्यांचं वेळापत्रक छापलं आणि पालकांच्या प्रश्नांसाठी फोनवर शिक्षक बसवले. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले. आता तुम्ही असता तर काय केलं असतं? बसलेल्यांनी एकमेकांना आधार द्यावा, असं परिपत्रक काढलं असतं. तिथल्या लोकांनी आणखी शिक्षक आणून बसवले. काम वाढलं म्हणून माणसं वाढवली. असला पायंडा पडू देऊ नये, एवढ्यासाठी सांगितलं.

कौतुक मात्र सढळ हातानं करावं. टाळ्या वाजवाव्यात, 'योद्धा' म्हणावं, प्रमाणपत्रं द्यावीत. योद्धा म्हटल्यावर माणूस रजा मागायला लाजतो. प्रमाणपत्रं फक्त शिक्षकांना द्यावीत. नाहीतर आमच्या क्लार्कना द्यावं लागलं असतं. त्यांनी काय केलं, तर कोणत्या घरी फोनच नाही याची यादी केली, आणि आठवड्यातून दोनदा फाटकाशी उभं राहून त्या मुलांच्या पालकांना स्वाध्यायाचे कागद दिले. कागद देताना घरी सगळे बरे आहेत का, तेही विचारत. एवढंच. आणि मावशींना द्यायचं म्हटलं तर काय लिहिणार, 'पाचरीबद्दल'?

आता सगळ्यात धोकादायक प्रकाराकडे येतो.

निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी, असं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या एका बाईंचे वडील अत्यवस्थ झाले. त्या तशाच निघून गेल्या. सातवी ब रिकामी. तुम्ही वाचता आहात तोवर तुमच्या मनात रजेचा अर्ज, कोणती रजा, शिल्लक किती, वेळापत्रकात बदल, तुमची मंजुरी असं सगळं आलं असेल. यातलं काहीही झालं नाही. भूगोलाचे सर ज्या तासाला रिकामे, त्या तासाला सातवी ब मध्ये जाऊन उभे राहिले. पुढच्या तासाला दुसरं कोणी. तीन आठवडे. कोणी कोणाला सांगितलं, कोणी ठरवलं, कुठेही नोंद नाही. मी ही गोष्ट शोधून काढली ती खडूच्या डब्यामुळे. डब्याच्या तळाशी चार घड्या केलेला कागद होता. जो तास घेईल तो पुढच्यासाठी त्यावर दोन ओळी लिहून ठेवायचा. प्रत्येक नोंदीचं अक्षर वेगळं.

'अपूर्णांकांचा भागाकार पान ४१ पर्यंत. उलटा का करायचा ते पुन्हा सांगा, मला नीट सांगता आलं नाही.'

'सांगितलं. निम्म्यांना कळलं. मलाही आत्ताच कळलं.'

'खिडकीजवळच्या मुलाची आजी गेली. त्याला प्रश्न विचारू नका. हजेरीत नाव मात्र जरा थांबून घ्या.'

आणि खाली, पेन्सिलीनं: 'बाईंचा फोन आला होता. वडील गेले. मुलांना मी सांगितलंय. आल्यावर कोणी विचारपूस करत बसू नका, सरळ तास घेऊ द्या.'

बघा किती नियम मोडलेत. कागदाला जावक क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. शोकसंदेश पेन्सिलीनं. तास अदलाबदलीला मान्यता नाही. भूगोलाचा माणूस भागाकार शिकवतो. आणि बाई परतल्या त्या दिवशी त्यांच्या टेबलावर सातवी ब च्या सगळ्या वह्या तपासून ठेवलेल्या. लाल शाईच्या चार वेगवेगळ्या छटा. कोणी तपासल्या विचारलं, तर सगळे फळ्याकडे बघत होते.

असा प्रकार उघडकीला आल्यावर तो तातडीनं नियमित करून घ्यावा. त्यासाठी 'सहकारी आधार प्रपत्र' तयार करावं. आमच्याकडे त्याचा मसुदा मीच केला. माझं अक्षर बरं म्हणून मला सांगितलं, आणि मीही नाही म्हणालो नाही. आधार देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, आधाराचं स्वरूप (शैक्षणिक / भावनिक / इतर), कालावधी तासांत, वरिष्ठांची पूर्वमान्यता, दोन छायाचित्रं. दुःखाची सूचना शक्यतो तीन दिवस आधी द्यावी, असं तळटिपेत आहे. 'शक्यतो' मी घातलं. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

प्रपत्र लागू झालं आणि पहिल्या महिन्यात एकही भरून आलं नाही. खडूचा डबा मी अधूनमधून उघडून बघतो. रिकामा असतो. खडू असतात, पण त्या अर्थानं रिकामा. बाकी कुठे कागद ठेवतात ते मला आता कोणी सांगत नाही.

शेवटी सर्वेक्षण करावं, त्याशिवाय महामारी संपली असं कागदोपत्री म्हणता येत नाही. आरोग्य संघटनेनं जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला उठवली. आमची अजून चालू आहे, कारण फॉर्म पूर्ण भरून झालेले नाहीत. प्रश्न सोपा ठेवला होता. 'महामारीच्या काळात तुम्हाला सहकाऱ्यांकडून आधार मिळाला का? हो / नाही.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'हो असल्यास आधार देणाऱ्याचं नाव, दिनांक व मान्यता क्रमांक नमूद करावा.'

सगळ्यांनी 'नाही' वर खूण केली. सातवी ब च्या बाईंनीसुद्धा. वेबिनारात झोपलेल्या बाईंनीसुद्धा. मावशींनी फॉर्म कोणाकडून तरी भरून घेतला, त्यांचंही 'नाही'.

शंभर टक्के नाही. अशी एकवाक्यता मी नोकरीत प्रथमच पाहिली. तुमच्याकडेही असाच निकाल येईल, तेव्हा उपाय सांगून ठेवतो. कर्मचाऱ्यांना एकमेकांना आधार कसा द्यावा हे मुळात माहीतच नाही, असा निष्कर्ष काढून कार्यशाळा घ्यावी. सुट्टीच्या दिवशी घ्या, म्हणजे तास बुडत नाहीत. लिंक आदल्या रात्री पाठवा. कॅमेरे चालू. हजेरी सक्तीची.